तरंगंबाडीची दोन चर्च आणि चुकीच्या दारात गेलेली सकाळ

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या, एकेकाळी डेनिशांचे व्यापारी ठाणे असलेल्या तरंगंबाडीला निघणाऱ्याने एक गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेवावी. किंग स्ट्रीट या एकाच रस्त्यावर दोन जुनी प्रोटेस्टंट चर्च आहेत, दोन्ही पांढरी, दोन्ही डेनिश अमदानीतली, आणि ज्याच्यापुढे गाडी आधी उभी राहील त्यालाच ‘झीगेनबाल्गचे चर्च’ म्हणून रिक्षावाला मोकळा होतो. आमचे असेच झाले. सायन चर्चपुढे उतरवून घेतल्यावर आम्ही तासभर तिथे बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग या प्रोटेस्टंट धर्मप्रचारकाची कबर शोधत होतो, आणि ती तिथे असण्याचे काहीच कारण नव्हते.

सायन चर्च १७०१ सालचे आहे, म्हणजे झीगेनबाल्ग आणि त्याचा सहकारी प्लुट्शाउ हे १७०६ च्या जुलैमध्ये या किनाऱ्यावर उतरले त्याच्या पाच वर्षे आधीचे. ते बांधले डेनिश कंपनीचे अधिकारी आणि शिपाई यांच्या उपासनेसाठी; तमिळ माणसांसाठी नव्हे. पुढे १८४५ मध्ये डेन्मार्कने हे ठाणे इंग्रजांना विकले, आणि आज हे चर्च ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’कडे आहे. इमारत नीटस आहे, पण तिच्यासाठी वीस मिनिटे पुरेत. ‘भारतातले पहिले प्रोटेस्टंट चर्च’ असे कोणी ठासून सांगितले तर ऐकून घ्यावे आणि विसरून जावे, कारण चेन्नईच्या किल्ल्यातले सेंट मेरीज चर्च १६८० सालचे आहे.

ज्यासाठी एवढा प्रवास करायचा ते न्यू जेरुसलेम चर्च त्याच रस्त्यावर, चालत काही मिनिटांवर आहे. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि दार बंद होते. हे नांदते चर्च आहे, वस्तुसंग्रहालय नव्हे, तेव्हा त्यात तक्रारीला जागा नाही. सकाळ वाया गेली ती दुसऱ्याच्या चुकीने. मग सावली नसलेल्या रस्त्यावर चार वाजेपर्यंत काढलेल्या वेळेत आम्ही दर्शनी भिंत जितकी न्याहाळली तितकी क्वचितच कोणी न्याहाळत असेल.

ती न्याहाळण्याजोगी आहेच. इमारत बुटकी आणि जाड भिंतींची, विटा-चुन्याची. वर मात्र युरोपीय बरोक धाटणीची वळणदार शिखरभिंत, तिच्यावर मुकुट, डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याची गुंफलेली आद्याक्षरे आणि १७१८ हे साल. या मुकुटाचा अर्थ गावाचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय लागत नाही. झीगेनबाल्ग हा जर्मन. त्याला इथे पाठवले ते याच राजाने, आणि इथल्या डेनिश कमांडंटने मात्र त्याला १७०८-०९ मध्ये चार महिने डान्सबोर्ग किल्ल्यात डांबून ठेवले. त्याच्या धर्मप्रचारक मिशनचे १७०७ चे पहिले छोटे चर्च आज उरलेले नाही. त्याऐवजी हे मोठे चर्च बांधताना राजाची आद्याक्षरे दर्शनी भागावर बसवणे हे निव्वळ कृतज्ञतेचे काम नसावे. आमचा धनी कोपनहेगनात बसला आहे, हे किल्ल्यातल्या मंडळींना रोज दिसावे, असाही हेतू त्यात असावा, असे मला त्या उन्हात बसून वाटले.

आत शिरल्यावर क्रूसाकृती आराखडा लगेच कळतो. मध्यभागी उभे राहिले की चारही भुजा नजरेच्या टप्प्यात येतात, आणि कुठल्याही भुजेत बसलेला माणूस फार दूर राहत नाही. प्रवचन हाच ज्या पंथाचा गाभा, त्याला अशी जागा सोयीची. पायाचा दगड फेब्रुवारी १७१७ मध्ये बसला आणि ११ ऑक्टोबर १७१८ ला चर्चचे समर्पण झाले. त्यानंतर साडेचार महिन्यांच्या आत, २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, झीगेनबाल्ग वारला, अवघ्या ३६ व्या वर्षी, आणि याच चर्चमध्ये, वेदीजवळ, त्याला पुरले. तमिळ नवा करार त्याआधीच, १७१५ मध्ये, इथल्याच छापखान्यात छापून पूर्ण झाला होता. हे चर्च आता तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चकडे आहे. आवारातल्या थडग्यांसाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. आम्हाला तो मिळाला नाही.

मिळाला नाही, कारण बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. मयिलाडुतुरै स्टेशनपासून जाऊन-येऊन अठराशे रुपये ठरले होते, ते त्याने थांबण्याच्या नावाखाली पंचवीसशेवर नेले, आणि जो खोळंबा त्याच्याच चुकीने झाला त्याचेही पैसे आम्हीच मोजले. अंतर जेमतेम ३० किलोमीटर आहे. साधी बस जाते, तिकिटाला पन्नास रुपयेही लागत नाहीत. रिक्षा करूच नये. बसने उतरून डेनिश वेशीतून पायी गावात शिरावे, सकाळी नऊच्या आत न्यू जेरुसलेम गाठावे, दार बंद असल्यास आवारात नम्रपणे विचारावे, आणि सायन, किल्ला व समुद्र यांकडे नंतर वळावे. ‘तरंगंबाडी अर्ध्या तासात होते’ असे सांगणाऱ्याने ती चारचाकीच्या काचेतून पाहिलेली असते.



मराठी माणसाने मात्र तरंगंबाडीवरून थेट घरी परतू नये. डेनिशांना ही जागा १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने दिली, पण न्यू जेरुसलेम उभे राहिले तेव्हा तंजावरच्या गादीवर पहिले सरफोजी भोसले होते. १७५० मध्ये याच मिशनसाठी आलेला क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ पुढे तंजावरला स्थिरावला आणि दुसऱ्या सरफोजीराजांचा गुरू झाला. तो १७९८ मध्ये गेल्यावर राजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मृत्युशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेला राजा त्यात कोरला आहे. तंजावरच्याच शिवगंगा किल्ल्याच्या आवारातल्या १७७९ च्या चर्चमध्ये ते आहे. मयिलाडुतुरैहून कुंभकोणममार्गे तंजावरला रेल्वे जाते, तेव्हा स्टेशनबाहेर पाऊल टाकण्याचीही गरज नाही.