बारा म्हणजे किती थंडी?

लेकीकडे अमेरिकेत बफेलोला पोचले तेव्हा ऑक्टोबर होता. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर तापमान दिसलं, ४८. छातीत धस्स झालं. आमच्या नागपुरात मे महिन्यात ४५ झालं की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. इथे दार उघडलं तर बोचरा गारठा!

जावई म्हणाले, "आई, इथे फॅरनहाइट. सेल्सियस हवं तर बत्तीस वजा करा, पाचने गुणा, नऊने भागा." नऊ आलं. उत्तर बरोबर होतं, पण अंगाला त्याचं काही नव्हतं. आकडा ऐकताक्षणी हात शालीकडे जायला हवा. हिशेब करून थंडी वाजत नाही.

ते शिकवलं सहा वर्षांच्या नातीने. "आजी, तीस म्हणजे बर्फ. टोपी, हातमोजे सगळं घालायचं. पन्नासला जॅकेट. सत्तरला बाग. नव्वदला पोहायला." मी वजाबाकी सोडून दिली. मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांनी हेच करावं, आकडे कपड्यांना बांधावेत.

नायगारा पाहिला, तुषारांत चिंब भिजले, गर्दीने जीव नकोसा झाला. मग व्हिसा होता म्हणून रेनबो ब्रिजवरून कॅनडात गेलो. पलीकडे एका पाटीवर तापमान होतं, १२. बारा! डिसेंबरातली नागपूरची रात्र, कानाला मफलर, अंगणातली शेकोटी. पंधरा दिवसांत पहिल्यांदा एक आकडा थेट अंगावर आला आणि माझे डोळे भरून आले. कॅनडाने १९७५ सालीच हवामान सेल्सियसमध्ये सांगायला सुरुवात केली, हे जावयांनी तेव्हा सांगितलं.

नात मात्र घाबरली. "बारा? आपण गोठू ना!" म्हणत तिने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. तिच्या बारात हाडं गोठतात, ते उणे अकरा. तिला जवळ घेतलं. तिची भीती मला नीट कळत होती, पहिल्या सकाळची माझी तीच होती.

त्या रात्री घरी परतल्यावर तिचं अंग तापलं. मी पर्समधला नागपूरचा थर्मामीटर काढून तिच्या काखेत ठेवला.

"किती गं आई?" लेकीने विचारलं.

"एकशे एक."

ती लगेच पाण्याच्या पट्ट्या आणायला उठली. तापाचा आकडा आमच्याकडेही फॅरनहाइटच. कोणाला काही वजा करावं लागलं नाही. पहाटे नव्याण्णववर आला, तेव्हा आम्ही दोघी झोपलो.