जोडवं हरवलं आणि घरात मशीन आलं

मागच्या मे महिन्यात केरीच्या किनाऱ्यावर माझं एक जोडवं वाळूत गेलं. (गोव्यात केरी तीन आहेत, ही पेडण्याची, तेरेखोलच्या अलीकडची.) चौघंजण तासभर हातांनी वाळू उपसत बसलो, जोडवं काही मिळालं नाही, आणि शेवटी थोरला वैतागून म्हणाला, मॉलच्या दारात ते अंकल फिरवतात तसलं मेटल डिटेक्टरचं मशीन आपल्याकडे का नाही. झालं. नवऱ्याला निमित्तच हवं होतं, त्या रात्री दीड वाजेपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ चालू, आणि पंधरा दिवसांनी फोंड्याच्या घरी एक लांबुडकं खोकं हजर. सात हजार गेले. मी जोडव्याची किंमत सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही.

सुरुवात करणाऱ्यांना माझा पहिला सल्ला, थेट बीचवर पळू नका. आम्ही आधी अंगणातच खेळ मांडला. जेवायचा चमचा, खिळा, पितळेची किल्ली, पाचचं नाणं, दहाचं नाणं, सासूबाईंच्या डब्यातलं वीस पैशांचं जुनं नाणं, असं सगळं चार बोटं, वीतभर असं वेगवेगळ्या खोलीवर पुरलं, वर काठ्या रोवल्या आणि मुलांना सांगितलं, बघू नका, नुसतं ऐका. कॉइल, म्हणजे मशीनच्या दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीला समांतर धरायची, दोन-तीन सेंटिमीटर वर, झाडू मारल्यासारखी नाही तर सारवल्यासारखी हळू फिरवायची, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढली पाहिजे. धाकटी आठ वर्षांची आहे, तिने हे आमच्यापेक्षा लवकर पकडलं. नवरा अजून कॉइल शेवटाला वर उचलतो, क्रिकेटची सवय.

पण पहिल्या दिवशी मशीन चालू केलं आणि ते थांबेचना. पुरलेल्या वस्तू सोडा, मोकळ्या जमिनीवर सुद्धा कूं कूं कूं. आम्हाला वाटलं पीस खराब आला. मग कळलं की दोष आमच्या मातीचा. आपली लाल माती, चिऱ्याची, तिच्यात लोखंड ठासून भरलेलं, ज्या राज्यातून इतकी वर्षं बोटी भरभरून खनिज गेलं तिथे अंगणातली माती गप्प कशी बसेल! यासाठी ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीजवळ वर-खाली करत राहायचं, मशीन त्या मातीचा आवाज ओळखून तो बाजूला काढतं. आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते, कमी करायची. सगळे नवशिके ती फुल्ल ठेवतात, आम्हीही ठेवलेली.

आता आत काय चालतं ते मी समजून घेतलंय तेवढं सांगते. कॉइलमधून चुंबकीय लहर जमिनीत जाते, खाली धातू असला की त्याच्यात छोटे छोटे विजेचे भोवरे उठतात, ते उलट स्वतःची लहर पाठवतात, आणि ती किती उशिरा, कशी येते त्यावरून मशीन अंदाज बांधतं, लोखंड की तांबं की ॲल्युमिनियम. अंदाज हं. थोरल्याला मी ग्रॅहम बेलची गोष्ट सांगितली, टेलिफोनवाला बेल, 1881 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना गोळी लागली तेव्हा ती अंगात कुठे आहे ते शोधायला त्याने असलंच यंत्र नेलं होतं, आणि गादीतल्या स्टीलच्या स्प्रिंगांनी घोळ घातला. तेव्हापासून सिग्नल चुकला की आमच्याकडे सगळे 'स्प्रिंग स्प्रिंग' ओरडतात.

नाण्यांची तर मजाच आहे. आजचे एक-दोनचे रुपये स्टेनलेस स्टीलचे, फ्रिजच्या चुंबकाला लावून बघा, चिकटतात. त्यामुळे लोखंड गाळायचं सेटिंग लावलं की मशीन त्यांनाही खिळ्यांच्या रांगेत बसवून सोडून देतं. उलट सासूबाईंचं ते वीस पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं, 2011 मध्ये चलनातून बाद झालेलं, ते इतकं ठणठणीत वाजतं की काय सांगू. सासूबाई खूश. म्हणाल्या, बघ, जुनं ते जुनं.

मग चवथ (गणपती) आटोपल्यावर बीच. मीरामार घरापासून तासाभरावर, रविवारी पहाटे निघायचं, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, कधी आहे ते आदल्या रात्री बघून ठेवायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं, तेव्हा जास्त वाळू मिळते. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि मग हळूहळू परत आणून टाकतो, म्हणून पाऊस ओसरल्यावरचे पहिले दिवस चांगले, खालचं वर आलेलं असतं. फक्त ओल्या वाळूत साधं मशीन वेडं होतं कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी स्वस्त मशीनं (म्हणजे आमचं) कोरड्या वाळूतच बरी. ओल्या भागासाठी मल्टी फ्रिक्वेन्सी किंवा पल्सवालं लागतं, ते किती महाग हे नवऱ्याला विचारू नका, त्याला माहीत आहे आणि तो अधूनमधून विषय काढतो.

पहिल्या रविवारचा हिशोब, बियरची झाकणं 41, कॅनच्या रिंगा 9, शॅकचे खिळे धाकटीने मोजायचं सोडून दिलं, एक काटा-चमचा आणि कुणाच्या तरी बॅगेची चेन. मी म्हटलं झाकणं, रिंगा वाजतात तो आवाजच गाळून टाकूया ना. तर गोची अशी आहे की कॅनची ॲल्युमिनियमची रिंग आणि सोन्याची छोटी अंगठी मशीन पडद्यावर दाखवतं त्या आकड्यात जवळजवळ एकाच घरात बसतात. एक गाळली की दुसरी पण गेली. म्हंजे अंगठी हवी असेल तर रिंगा खणा, शंभर खणा, कुरकुर न करता. मुलांना ही गोष्ट आमच्यापेक्षा कमी त्रासदायक वाटते, त्यांना खड्ड्यातून काहीतरी निघालं की झालं. पाण्याजवळ जाळं आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कितें सोदता गो बाय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "भांगर मेळ्ळें जाल्यार म्हाकाय दी." (सोनं मिळालं तर मलाही दे.) मी त्यांना झाकणांची पिशवी दाखवली, पोटभर हसले.

त्याच दिवशी शेवटी एक चांगला सिग्नल आला, वीतभर खाली, आणि निघाली स्कूटरची किल्ली. प्लास्टिकचा टॅग, त्यावर मार्करने गाडीचा नंबर. बाहेर रस्त्यावर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्यांची रांग होती, तिथल्या पोराला दाखवली. त्याने टॅग बघून कपाळावर हात मारला, तीन महिन्यांपूर्वी याच किल्लीसाठी लॉक बदललं म्हणे. मुलांना एकेक लिंबूसोडा फुकट.

आता कंटाळवाणी पण गरजेची गोष्ट. गोव्यात मशीन घेतलं म्हटलं की प्रत्येक पाहुणा हाच सल्ला देतो, ओल्ड गोव्याला जा, अमक्या किल्ल्यावर जा. अजिबात जाऊ नका. संरक्षित स्मारकांच्या जागेत परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे, ओल्ड गोव्याची चर्चेस तर 1986 पासून जागतिक वारसा आहेत. शिवाय 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट म्हणतो की जमिनीत लपवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये! तो आकडा तेव्हापासून तोच. 2023 मध्ये सत्तरीत नानोड्याच्या बाजूला एका बागायतदाराला काजूच्या बागेत तांब्याची 832 जुनी नाणी मिळाली होती, ती सरकारकडे गेली, आणि तसंच व्हायला हवं, कारण हंडा उचलून घरी आणला की तो कुठे, किती खोल, कशाशेजारी होता ही माहिती कायमची गेली. गावातली जमीन भाटकाराची (जमीनदाराची) किंवा कोमुनिदादची (गावच्या सामाईक संस्थेची) असते, विचारल्याशिवाय पाऊल नको. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात, तिकडे खणायचा विचारसुद्धा नको. काडतुसासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना फोन. आणि खड्डे बुजवा हो, नाहीतर सकाळी पळायला येणाऱ्याचा पाय मुरगळेल.

सासूबाईंचं कारण वेगळंच आहे. पुरलेल्या धनावर राखणदार असतो, हात लावू नये. मुलांना कायद्यापेक्षा हे जास्त पटलंय.

मग उरतं काय, बीच आणि आपलं अंगण. डिसेंबरात पडवीच्या पायऱ्यांजवळ, जिथे पूर्वी भात वाळत घालायचे, तिथे धाकटी एकटीच फिरवत होती आणि स्वच्छ, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज आला. तीन बाजूंनी माती कापून झाकणासारखी उलटी केली, आणि आत काळंहिरवं गोल काहीतरी. मी घासायला निघाले तर थोरला ओरडला, घासायचं नाही मम्मा, नुसतं पाणी! पाण्याखाली धरल्यावर हळूहळू 1958 दिसलं, आणि 30.

पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळचं, तीस सेंतावुश. सासरे आतून चष्मा शोधत आले. गोवामुक्ती झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, अंगठ्याने फिरवलं आणि नातवाला हिशोब घातला, रुपयाला सहा एस्कुदो, एस्कुदोला शंभर सेंतावुश, तर हे किती पैसे? थोरल्याने बोटं मोजली. "पाच पैसे?!" सासरे म्हणाले, पाच पैशांत काय काय यायचं ते तुझ्या आज्जीला विचार, आणि नाणं बनियनच्या खिशात टाकून परत पेपर वाचायला बसले. धाकटीने दोनदा मागितलं, सापडलं मला आहे म्हणून. अजून तरी खिशातच आहे.