तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याच्या एसयूव्हीवरून गाडी कळते का?

दर मे महिन्यात आमचं अख्खं घर कोकणात जातं. घरची गाडी हॅचबॅक, त्यात सात माणसं काही मावत नाहीत, म्हणून मी पुण्यातून सेल्फ ड्राइव्हवाली एसयूव्ही घेतो, ती काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली. परत आलो की ऑफिसात आणि सोसायटीत ठरलेला प्रश्न, काय म्हणते गाडी, घेऊ का आम्ही? आणि लगेच पुढचा, की अरे पण भाड्याची गाडी म्हणजे शंभर जणांनी पिदडलेली, तिच्यावरून काय कळणार?

कळतं. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हपेक्षा तर कितीतरी जास्त कळतं, कारण तिथे तुम्ही, शेजारी बोलत असलेला सेल्समन आणि एक सपाट रस्ता, बस. फक्त मी एक गोष्ट पक्की पाळतो, गॅरेजमध्ये नेऊन जे ठीक करता येतं त्याचा दोष मॉडेलला द्यायचा नाही आणि जे कुठल्याच मेकॅनिकच्या हातात नाही त्यात जराही सूट द्यायची नाही.

यंदाची गाडी डिझेल, मॅन्युअल, सात सीटर होती. नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही गाडीला लावून बघता येतं. पुणे-कोल्हापूर, मग आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडी, गोवा, मालवण आणि परतताना रत्नागिरी-चिपळूण-कुंभार्ली-कऱ्हाड.

खंबाटकी ओलांडेपर्यंत मागून ओरडा सुरू झाला, फार आदळतेय, सस्पेन्शन एकदम बेकार आहे. कोल्हापूरला मुक्काम होता, सकाळी टायर गार असताना पंपावर हवा चेक केली तर चारीत 42, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय पुढे 33 आणि फुल लोडला मागे 36. हवा स्टिकरप्रमाणे केली आणि आजऱ्याच्या रस्त्याला तीच गाडी, तेच लोक, ओरडा बंद. सस्पेन्शनचा काही संबंधच नव्हता, जास्त हवेने टायर कडक झाले होते! म्हणून सांगतो, गाडी ताब्यात घेताना स्क्रॅचचे फोटो काढताच ना, तसे टायरही वाकून बघा. साइडवॉलवर चार आकडे असतात, 3221 म्हणजे 2021 सालच्या 32व्या आठवड्यात बनलेला टायर. चार टायर चार कंपन्यांचे निघाले तर त्या गाडीच्या ग्रिपबद्दल आणि रोड नॉइजबद्दल मत बनवूच नका. क्लच पेडल बरंच वर आल्यावर पकडतोय, ब्रेक लावताना कर्र आवाज येतोय, स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, हे सगळं त्या एका गाडीचं दुखणं आहे, मॉडेलचं नाही.

आता मॉडेलचं जे आहे ते. कुंभार्ली घाट चढताना सात माणसं, आंब्याच्या पेट्या, टपावर बॅगा, एसी चालू आणि पुढे सिमेंटचा ट्रक. हेअरपिनला गाडी पार मंदावते, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर येतं, आणि पाय दाबला तरी काहीच होत नाही, गाडी नुसती कण्हते, मग सोळाशेच्या पुढे टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, भरला की एकदम ओढते. म्हणजे प्रत्येक वळणाला पहिला टाका नाहीतर ट्रकपासून भरपूर अंतर ठेवा. सपाट रस्त्यावर एकटे बसून हे आयुष्यात कळणार नाही, आणि नवीकोरी गाडी घेतलीत तरी हे तसंच राहणार कारण गिअरिंग कंपनीने ठरवलेलं असतं. उतरताना मात्र ही गाडी मला फार आवडली, आंबोलीत दुसऱ्या गिअरवर सोडली की इंजिन असं धरून ठेवतं की ब्रेकवर पाय जेमतेम जातो, आणि भरलेली एसयूव्ही घाटात नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून पकड सोडतात, त्यामुळे याचे मार्क मी मोठे देतो.

घाटातच दुसरी गोष्ट दिसली. विंडशील्डच्या बाजूचा खांब इतका जाड आणि त्याला लागून एवढा मोठा आरसा, की उजव्या वळणाला समोरून येणारा बाइकवाला अख्खा त्याच्यामागे गायब होतो. दर वळणाला मी सीटवरून पुढे झुकून बघत होतो. शोरूममध्ये हाच खांब दणकट, सेफ वाटतो.

आणि बसणं-उतरणं! आईचे गुडघे दुखतात. ती आधी दाराचं हँडल धरायची, पाठ करून सीटच्या कडेवर टेकायची, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायची, आणि चहासाठी थांबलो की तेच सगळं उलटं. मालवणला होमस्टेच्या चिऱ्याच्या रस्त्यावर गाडी कुठेही खाली घासली नाही म्हणून आम्ही खूश, पण ती उंची रोज चढायची कुणाला आहे हे घरात बघायलाच पाहिजे. तिसऱ्या रांगेत पोरांचे गुडघे छातीला, मांडीला आधार शून्य, संगमेश्वरच्या पुढे डायव्हर्जनवर धाकटीला उलटी झाली. शिवाय ती रांग उघडली की डिकीत दोन सॅक मावतात, म्हणूनच बॅगा टपावर.

मायलेज स्क्रीनवरचं धरू नका, टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा. ब्रोशरचा आकडा लॅबमध्ये रोलरवर काढलेला असतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 ला गेलात की तो दीडपटीच्या वर जातो, उंच गाडीला हे जास्त जाणवतं. त्यामुळे कुणी नुसता आकडा सांगितला तर किती स्पीडला, किती माणसं, टपावर सामान होतं का, हे विचारा.

रात्री समोरचे सारखे डिपर देत होते, तेही गाडीच्या माथी मारू नका. मागे वजन असलं की नाक वर होतं, स्टिअरिंगजवळ हेडलाइट खाली करायचं छोटं चाक असतं ते फिरवायचं.

आता तुमचा खरा प्रश्न. घरात चार-पाच माणसं, सगळ्यांचे गुडघे धड, आणि बहुतेक हायवे असेल तर ही गाडी डोळे झाकून घ्या, सीट इतकी चांगली आहे की कोल्हापूरहून थेट गोव्याला उतरलो तरी कंबर बोलली नाही. आमच्यासारखी सात माणसं आणि दर वर्षी घाट असेल तर नको. आणि घ्यायच्या आधी हीच गाडी एकदा भाड्याने घेऊन, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन, निदान ताम्हिणीतून माणगावपर्यंत तरी जाऊन या.