तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात गेम कसले खेळता?

माल न्यायला आलेल्या पार्टीनं विचारलंय, मेव्हण्यांनी विचारलंय, कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, तिथल्या शेजारच्या शॉपवाल्यानं तर दर आठवड्याला. "मालक, अजून गेमच खेळालाय व्हय?" आणि त्याला जोडून लगेच दुसरं, "खेळायचंच तर मोठा, नावाजलेला तरी खेळा की. हे फुकटातले बारके गेम कशाला?"

मी 52 वर्षांचा आहे. आजवर "असंच, टाइमपास" म्हणून विषय संपवत आलो. ते खरं नव्हतं. आता एकदा नीट लिहितो, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

आधी एक स्पष्ट करतो. मी दिवसभर खेळत नाही. शॉप बंद करून घरी आलो, जेवणं झाली, की पाऊण तास. लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावून मोबाईलमध्ये डोकं घातलंय असं माझ्याकडे कुणी दाखवून द्यावं. आमच्या आळीत रोज रात्री पत्त्यांचा डाव पडतो, मॅचवर पैसे लागतात. त्यांना वय कुणी विचारत नाही.

आणि मी नुसता खेळून सोडत नाही. एका जुन्या जॉब रजिस्टरमध्ये चार रकाने आखलेत: गेमचं नाव, कुणी केला, किती दिवसांत केला, शेवट काय. चौथा रकाना भरल्याशिवाय पुढचा गेम घेत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

गेल्या महिन्यातले थोडे सांगतो.

'पॅसेज'. जेसन रोहरर या एका माणसानं 2007 साली केलेला, फुकट. पडद्यावर फक्त एक आडवी पट्टी, 100 ठिपके लांब आणि 16 ठिपके उंच. फूटपट्टीएवढ्या फटीतून बघितल्यासारखं. डाव्या टोकाला एक तरुण माणूस उभा. जवळच एक बाई. तिला भेटलात तर ती कायम सोबत चालते, पण मग दोघांना अरुंद बोळांतून जाता येत नाही, तिथल्या खजिन्याच्या पेट्या हुकतात. चालता चालता माणूस पट्टीवर उजवीकडे सरकत जातो, केस पांढरे होतात, कंबर वाकते. सुरुवातीला पुढचं सगळं अंधूक दिसत असतं. शेवटी मागचं अंधूक होतं. मग ती मरते. तिच्या जागी एक दगड उरतो आणि माणसाची चाल एकदम मंदावते. थोड्या वेळानं तोही दगड. बरोबर 5 मिनिटं. दुसऱ्यांदा मी तिला न भेटता एकटाच गेलो. पेट्या भरपूर मिळाल्या, 5 मिनिटं तेवढीच. त्या रात्री बायको आत भांडी लावत होती, मी जाऊन नुसता ओट्यापाशी उभा राहिलो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 2012 साली पहिल्यांदा 14 गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात हा आहे. हे मी मेव्हण्यांना मुद्दाम सांगितलं. त्यांनी विचारलं, किती पैसे मिळाले त्याला?

'अ डार्क रूम', 2013, मायकल टाउनसेंड. चित्र नाहीच. पांढऱ्या पडद्यावर अक्षरं: आग विझली आहे, खोली गारठली आहे. खाली एकच बटण, आग पेटवा. दाबलं. खोली हळूहळू ऊबदार झाल्याचं अक्षरांतच कळतं. थोड्या वेळानं दारात कुणीतरी थंडीनं कुडकुडत येतं. माझं इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं, तरी शब्द विचारत विचारत चार रात्री काढल्या. शेवट चौथ्या रकान्यात आहे, इथे लिहीत नाही.

'बाबा इज यू'चा पहिला नमुना फिनलंडच्या आर्वी तेइकारीनं 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये केला. जॅम म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम करून दाखवायचा मेळावा. त्यात नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पडद्यावर पडलेले असतात, 'भिंत म्हणजे अडथळा' असे. त्यातला एक शब्द ढकलून बाजूला केलात की भिंत अडवत नाही, आरपार जाता येतं. डोकं शिणतं. आवडला, पण दोनदा उघडावासा वाटला नाही.

'सेलेस्ट क्लासिक' मात्र रोज उघडतो. मॅडी थॉरसन आणि नोएल बेरी या दोघांनी 2015 साली 4 दिवसांत केला. 128 बाय 128 ठिपक्यांचा पडदा, 16 रंग. एक पोर डोंगर चढतंय. प्रत्येक पडदा 100 मीटरचा, शिखर 3000 वर. हवेत असताना एकदाच झेप घेता येते. घेतली की लाल केस निळे होतात, पाय टेकले की पुन्हा लाल. केसांचा रंग बघून पुढची उडी ठरवायची, वेगळा काटा नाही, आकडा नाही. हे ज्याला सुचलं त्याचा हात धरावासा वाटतो. मी 1800 वर अडकलोय, बरेच आठवडे. बोटं आता तेवढी चपळ नाहीत. चौथा रकाना रिकामा ठेवून पुढे गेलो अशी रजिस्टरमधली ही एकमेव ओळ, माझ्या नियमाला एवढाच अपवाद.

आता फुकटाबद्दल. आमच्या धंद्यात नवी पार्टी धरायची तर आधी नमुना पीस करून द्यावा लागतो. त्याचे पैसे कुणी मागत नाही. पण त्या पिसावर माणूस जीव ओततो, कारण हात कसा आहे ते तिथेच कळतं. जॅममधला गेम असाच असतो. अनेकदा 48 तासांत, झोप मोडून, एकट्यानं केलेला. हे मला 30 वर्षं लेथवर काढून माहीत होतं. आणि समोर नमुना आला तेव्हा मी ओळखला नाही.

2020 ची दिवाळी. लॉकडाऊननंतर शॉप नुकतं सुरू झालेलं, ऑर्डरी निम्म्यावर, बँकेचा हप्ता चालू. लेकीची बारावी झाली होती आणि ॲडमिशन अडकलेल्या होत्या. दोन-तीन महिने ती पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेल्या 'राजी' या गेमबद्दल बोलत होती, की पप्पा, आपल्याकडची माणसं हे करतात, पुण्यात करतात. मी हं हं करत होतो. भाऊबीजेला बहीण, मेव्हणे, भाचा आलेले. फराळाची ताटं समोर. ती लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्या मांडीवरच ठेवला. "पप्पा, मी गेम केलाय. दोन दिवसांत. खेळता?"

पडद्यावर एक घर, मधोमध उभं कापल्यासारखं. खाली सोपा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, आणि गोठा, शिडी, वर माळा. कोपऱ्यात आकडा, 39. कोल्हापूरच्या माणसाला हा आकडा सांगावा लागत नाही, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची इशारा पातळी, फुटांत. तळाला तपकिरी पाणी. सोप्यात टीव्ही, तिजोरी, धान्याची पोती, शिलाई मशीन, कागदांची पिशवी. गोठ्यात एक काळी म्हैस. एका वेळी एकच वस्तू उचलायची, शिडीनं वर न्यायची, खाली यायचं. तेवढ्यात आकडा वाढतो.

मी पहिल्यांदा टीव्ही उचलला. मग कागदं. तिजोरी नेताना फार वेळ लागला, आकडा 43 च्या पुढे गेला. पोती भिजली. म्हटलं, "यात जिंकायचं कसं?" ती म्हणाली, "जिंकायचं नाहीये पप्पा. पुढं खेळा की." मेव्हण्यांनी विचारलं, विकला तर किती मिळतील याचे? ती म्हणाली, "फुकट आहे. कुणीही खेळू शकतं."

आणि मी हसलो. "फुकट? मग दोन दिवस कशाला घालवलेस? त्यापेक्षा शॉपवर ये, हिशेब लिही, त्याचे तरी पैसे देतो." सगळे हसले. मी लॅपटॉप मिटला आणि खाली ठेवला, कारण करंजीचं ताट पुढे आलं होतं. कोपऱ्यातला आकडा 47 होता. तो मला पक्का आठवतो. तिनं लॅपटॉप उचलला, आत गेली, पाच मिनिटांनी बाहेर येऊन सगळ्यांना पाणी दिलं. रडली वगैरे नाही. मला वाटलं, झालं.

पुढच्या वर्षी, जुलै 2021. पुन्हा पाणी चढलेलं, भाचा शॉपवर बसून मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी बघत होता. सहज म्हणाला, "मामा, दीदीच्या गेममध्ये असंच होतं की. शेवट कसला भारी केलता तिनं."

शेवट? मला वाटलं होतं सगळं बुडतं.

त्यानं सांगितलं. सामान कितीही वर न्या, पाणी 55 च्या वर जातं आणि माळाही बुडतो. पण सगळं टाकून गोठ्यात गेलात, खुंट्यापाशी उभं राहून बटण दाबलंत, तर दावं सुटतं. म्हैस पोहायला लागते. पोहत पोहत पडद्याच्या उजव्या कडेनं बाहेर जाते. आकडा थांबतो. रिकामं पाणी दिसत राहतं. बस.

तो बोलत होता आणि मला 2019 चा ऑगस्ट दिसत होता. लेक चिखलीला आजीकडे गेलेली. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीपाशी हायवे बंद, मी शहरात अडकलेला. रात्री एकदा फोन लागला. मी काय सांगितलं ते आज शब्दाशब्दानं आठवतं: "टीव्ही आणि कागदं आधी माळ्यावर टाका. म्हशीचं नंतर बघू." फोन तुटला. आईनं माझं ऐकलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिनं दावं सोडलं, लेकीनं बॅटरी धरली. दुसऱ्या दिवशी नावेनं दोघींना काढलं. पाणी उतरल्यावर आम्ही सोनतळीच्या बाजूला दोन दिवस म्हैस शोधली, मिळाली नाही. मी आईला दुसरी घेऊन दिली. माझ्या दृष्टीनं विषय तिथे संपला होता.

ती रात्र लेकीनं माझ्या मांडीवर आणून ठेवली होती, आणि मी पुन्हा टीव्हीच उचलला.

त्या संध्याकाळी तिला म्हटलं, तुझा तो गेम दाखव की. ती म्हणाली, "काढून टाकलाय पप्पा. लॅपटॉप पण फॉरमॅट केला मध्ये. राहू दे, तसलाच होता तो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बोलता आलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे प्रायश्चित्त म्हणून खेळता. बायकोही असंच म्हणते. हे मला मान्य नाही. सुरुवात त्यातून झाली, कबूल. तिच्यासारखा कुणीतरी कुठेतरी दोन दिवस जागून काहीतरी करतो, ते निदान शेवटपर्यंत बघावं, एवढंच तेव्हा मनात होतं. पण त्या निळ्या-लाल केसांत मला जो आनंद मिळतो तो माझा आहे. चांगला टर्न केलेला जॉब हातात फिरवावा तसा. त्याला प्रायश्चित्त म्हटलेलं मला आवडत नाही.

आणि त्या भाऊबीजेच्या माणसाशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, मी अजून भांडतो. तो म्हणतो, हप्ता मी भरत होतो, पैसे कोण देणार हे बापानं विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. असले गेम करणाऱ्या बहुतेकांना त्यातून पोट भरता येत नाही, हे मला आता त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्रश्न चुकीचा नव्हता. पण 8 फूट अजून बाकी होते. तेवढं थांबायला काय झालं होतं? यावर त्याच्याकडेही उत्तर नाही. मग आम्ही दोघं गप्प बसतो.

लेक आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे. पगार चांगला. गेम करत नाही. त्यात माझा हात किती आणि तिची स्वतःची मर्जी किती, मला ठरवता येत नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "पप्पा, तुमचं काय नाही त्यात." ती मला सांभाळून घेते, हे मला कळतं. त्यामुळे तिच्या उत्तराचा उपयोग नाही.

परवाच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी 'अ शॉर्ट हाइक' नुकता संपवला होता. हा फुकट नाही, पण लहानच. ॲडम रॉबिन्सन-यू यानं हातातला मोठा गेम बाजूला ठेवून केलेला, 2019 चा. एक पक्षीण, क्लेअर. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट बघायची आहे आणि रेंज फक्त डोंगराच्या टोकावर. सोनेरी पिसं गोळा करत चढायचं, पण घाई कुणी करत नाही. वाटेत मासे धरा, कुणाचं हरवलेलं शोधून द्या, वरून उडी मारून पंख पसरा आणि पुन्हा खालून सुरू करा. दोन तासांत संपतो, मी तो आठवडाभर पुरवला. वर पोचल्यावर फोन वाजतो.

मी तिला भरभरून सांगत सुटलो होतो. फोनपर्यंत आलो तशी ती मध्येच म्हणाली, "थांबा, थांबा. फोन कुणाचा ते सांगू नका. मी खेळले नाहीये अजून."

मी थांबलो. मग तिनं आजीचं विचारलं, शॉपचं विचारलं, जेवलात का विचारलं.

त्याला दोन आठवडे झाले. तिनं तो घेतलाय का, खेळलाय का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.