डिश कुठल्या कंपनीची? आधी गच्चीवर जाऊन बघा

नवीन घराची किल्ली हातात आली की टीव्हीचा विषय निघतो, आणि तो जवळजवळ नेहमी चुकीच्या टोकाकडून निघतो. कुणाकडे चॅनेल किती, कुणाचा पॅक स्वस्त, कुणाचा बॉक्स देखणा, अशी तुलना होते आणि ऑर्डर जाते. मग बसवणारा माणूस येतो, बाल्कनीत उभा राहून फोन समोर धरतो आणि मान हलवतो. समोरची इमारत नेमकी त्या उपग्रहाच्या आड. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी आभाळ, मग वायर, मग बॉक्स. पॅकचा भाव सगळ्यात शेवटी.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथे त्यांची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात होते, म्हणून जमिनीवरून ते एका जागी टांगल्यासारखे असतात आणि डिश एकदा लावली की हलवावी लागत नाही. उत्तर गोलार्धात डिशचं तोंड साधारण दक्षिणेकडे असतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. पण नेमकं किती पूर्वेला किंवा पश्चिमेला, हे कंपनीचा उपग्रह कुठल्या रेखांशावर आहे त्यावर ठरतं, आणि दोन कंपन्यांचे उपग्रह एकमेकांपासून वीस-तीस अंश लांब असू शकतात. तुमच्या गच्चीवरून एकाचा रस्ता मोकळा आणि दुसऱ्याच्या रस्त्यात पाण्याची टाकी, असं सहज होतं. ग्राहक सेवेला पॅक विचारण्याआधी एवढंच विचारा: तुमचा उपग्रह किती अंशांवर? काही कंपन्या दोन उपग्रह वापरतात. मग दोन्ही आकडे हवेत.

हा आकडा आणि घराचं ठिकाण दिलं की डिश जुळवण्याचं कुठलंही मोफत अॅप दोन कोन सांगतं. ॲझिमथ म्हणजे उत्तरेपासून मोजलेली दिशा, आणि इलेव्हेशन म्हणजे क्षितिजापासूनची उंची. उपग्रह तुमच्याच रेखांशावर असेल तर २० अक्षांशावर तो सुमारे ६६ अंश वर दिसतो, ५० अक्षांशावर सुमारे ३३ अंश, ६० वर जेमतेम २२. विषुववृत्तापासून जितके लांब, तितका उपग्रह क्षितिजाकडे झुकतो आणि शेजारच्या इमारती आड येण्याचा धोका वाढतो.

अडथळ्याचा हिशेब अवघड नाही. एखादी भिंत डिशच्या पातळीपेक्षा १० मीटर उंच असेल आणि उपग्रह ३० अंशांवर असेल, तर ती भिंत डिशपासून निदान साडेसतरा मीटर लांब हवी. उपग्रह ६० अंशांवर असेल तर सहा मीटरही पुरतात. झाडाच्या बाबतीत आजच्या उंचीवर जाऊ नका. झाड वाढतं, पानगळीत बसवलेली डिश पालवी फुटल्यावर रुसते, आणि ओली पानं कोरड्या पानांपेक्षा जास्त सिग्नल खातात.

डिशकडे बघून अंदाज बांधण्यातही फसगत होते. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे ती स्वतःच्या पृष्ठभागाला सरळ लंब बघत नाही. तिची नजर साधारण २० ते २५ अंश वर असते. अगदी उभी दिसणारी डिशही आभाळाकडेच बघत असते. ‘ही तर समोरच्या भिंतीवर रोखलीय’ असं वाटतं तेव्हा भिंतीचा काहीच संबंध नसू शकतो.

फोनचा होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ, टाकीच्या स्टँडजवळ किंवा सळ्यांच्या खांबाला टेकून धरला तर दहा-पंधरा अंश सहज चुकतो. दोन-तीन ठिकाणी उभं राहून आकडा ताडून बघा. याहून भरवशाचा साक्षीदार म्हणजे सूर्य. वर्षातून दोनदा, संपातांच्या (दिवस-रात्र सारखे असण्याच्या दिवसांच्या) आसपास, काही दिवस रोज काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. उत्तर गोलार्धात हे मार्चच्या संपाताच्या आधी आणि सप्टेंबरच्या संपातानंतर घडतं, दक्षिण गोलार्धात उलट. त्या मिनिटांत सूर्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो आणि चित्र जातं. तो बिघाड नसतो, तक्रार नोंदवायची गरज नसते. घर निवडताना मात्र हीच वेळ कामाची. डिशच्या नियोजित जागेवर तेव्हा ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे. सावली असेल, तर ज्याची सावली तोच अडथळा.

डिश घराच्या आत, काचेमागे ठेवण्याची कल्पना सोडून द्या. उष्णता रोखणाऱ्या काचेवर धातूचा पातळ थर असतो आणि तो सिग्नल जवळजवळ अडवूनच टाकतो. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोकं पाडण्याची परवानगी लेखी घ्या. इमारतीत सामायिक डिश असेल तर ती कुठल्या उपग्रहावर लावली आहे आणि मल्टिस्विचवर (एका डिशचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणाऱ्या पेटीवर) तुमच्यासाठी तोंड मोकळं आहे का, हे विचारा. असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, फक्त कंपनीची निवड त्या उपग्रहापुरती उरते.

आता पाऊस. घरगुती सेवा बहुतेक केयू बँड नावाच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर चालतात, साधारण १२ गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर, त्यामुळे पावसाचे मोठे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. त्याहून कमी फ्रिक्वेन्सीच्या सी बँडच्या साडेसात सेंटिमीटरच्या लहरीला पावसाची फारशी फिकीर नसते, पण तिला डिश बरीच मोठी लागते. केयू बँडवर मुसळधार पावसात थोडा वेळ चित्र जाणं हे सगळ्यांच्याच नशिबी आहे. किती वेळ जाईल, हे मात्र हाताशी राखीव सिग्नल किती ठेवलाय त्यावर ठरतं. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश लावली तर तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि सुमारे साडेतीन डेसिबल (सिग्नलच्या जोराचं माप) जादा मिळतात. जिथे पाऊस दणकून पडतो किंवा घर उपग्रहाच्या क्षेत्राच्या कडेला आहे, तिथे कंपनी मोठी डिश बसवून देते का हा प्रश्न चॅनेलच्या यादीपेक्षा महत्त्वाचा आहे.

मोठ्या डिशची किंमत वारा वसूल करतो. ताशी शंभरेक किलोमीटरच्या वाऱ्यात ९० सेंटिमीटरची डिश पाठीमागे सुमारे ४० किलोच्या जोराने ढकलली जाते. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम तीन अंश रुंद, ९० चा दोनच. म्हणजे दांडी एक अंश वाकली तरी मोठी डिश जागेवरून गेली असं समजा. बोल्ट प्लास्टरमध्ये नाही, काँक्रीटमध्ये किंवा भरीव विटेत गेले पाहिजेत, आणि दांडी पाणसळीने ओळंब्यात असायला हवी. दांडीच तिरकी असेल तर डिश फिरवताना तिचा उंचीचा कोनही बदलत जातो आणि बसवणारा तासभर सिग्नल शोधत राहतो.

घर नवीन असण्याचा खरा फायदा वायरमध्ये आहे, आणि बहुतेक लोक तो घालवतात. रंग लागण्याआधी गच्चीपासून प्रत्येक टीव्हीच्या जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप भिंतीत टाकून घ्या, काटकोनी वळणं टाळा, आत ओढायची दोरी सोडून ठेवा. प्रत्येक जागी एकाऐवजी दोन कोअॅक्सियल वायरी ओढा. कारण खाली बॉक्सचं बघताना कळेल. वायर आरजी-६ दर्जाची, ७५ ओहमची. जुन्या अँटेनासाठी भिंतीत असलेली पातळ वायर वापरायचा मोह आवरा. एलएनबीतून (डिशसमोर बसणाऱ्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीतून) खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि वरच्या टोकाला चांगली आरजी-६ सुद्धा दर १०० मीटरला सुमारे ३० डेसिबल गमावते. पातळ वायर त्याहून बरीच जास्त. तीस मीटरपर्यंत निश्चिंत राहा, चाळिशीच्या पुढे वाट लांबत असेल तर डिशचीच जागा बदलता येते का बघा.

याच वायरमधून उलट दिशेने वीजही जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देतो: नेहमीच्या युनिव्हर्सल एलएनबीत १३ म्हणजे उभं ध्रुवीकरण (लहर कुठल्या दिशेने कंप पावते ते), १८ म्हणजे आडवं. शिवाय २२ किलोहर्ट्झचा एक सूर असतो. तो चालू असेल तर फ्रिक्वेन्सीचा वरचा पट्टा, बंद असेल तर खालचा. स्वस्त वायरीत आतली तार पोलादाची आणि वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. उंच फ्रिक्वेन्सी तांब्याच्या कातडीवरून निभावून नेते, पण वीज पोलादातून अडखळते. लांब ओढ, गंजलेला जोड आणि अशी वायर एकत्र आली की १८ चे १५ व्होल्टच वर पोचतात आणि आडव्या ध्रुवीकरणाचे सगळे चॅनेल गायब होतात. बाकीचे मात्र छान दिसतात. ‘अर्धेच चॅनेल येतात’ अशी तक्रार असेल तर डिश हलवण्याआधी वायर आणि जोड बघा.

जोड म्हणजे स्क्रूने बसणारा एफ कनेक्टर. मागे वळवलेल्या जाळीचा एखादा केसाएवढा तंतू मधल्या तारेला टेकला की शॉर्ट होतं आणि बॉक्स एलएनबीची वीज तोडतो. हाताने पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर घ्या. बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप हवी, साधी इन्सुलेशन टेप उन्हात एका वर्षात सुटते. घरात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. नाहीतर ते वायरच्या आतून थेट बॉक्सपर्यंत प्रवास करतं. आणि डिशला अर्थिंग. तिच्यावर वीज कोसळली तर अर्थिंगही काही वाचवणार नाही, पण जवळपास पडलेल्या विजेचा आणि कोरड्या वाऱ्याने साठणाऱ्या स्थिर विजेचा निचरा तरी होतो.

दोन टीव्ही असतील तर एकाच वायरला स्प्लिटर लावून काम होत नाही. एक बॉक्स १३ व्होल्ट मागणार, दुसरा १८, आणि एलएनबी एकावेळी एकाचंच ऐकणार. म्हणून दोन तोंडांची ट्विन किंवा चार तोंडांची क्वाड एलएनबी लागते आणि प्रत्येक ट्यूनरला (बॉक्समधल्या चॅनेल पकडणाऱ्या भागाला) स्वतंत्र वायर. एक चॅनेल बघत दुसरा रेकॉर्ड करणाऱ्या बॉक्सला दोन ट्यूनर, म्हणून दोन वायरी. (क्वाड आणि क्वाट्रो या नावांत गोंधळ करू नका, क्वाट्रोला मल्टिस्विचशिवाय अर्थ नाही.) एकाच वायरवर अनेक ट्यूनर चालवणारी युनिकेबल पद्धतही आहे, पण एलएनबी आणि बॉक्स दोघांनाही ती यावी लागते. कंपनीला विचारा: दुसऱ्या खोलीसाठी वेगळा बॉक्स आणि वेगळं भाडं, की मुख्य बॉक्सवरून घरच्या नेटवर्कने चालणारा छोटा बॉक्स? महिन्याचा खर्च इथेच फुगतो.

बॉक्सबद्दल थोडक्यात. डीव्हीबी-एस२ (उपग्रह टीव्हीच्या प्रसारणाची पद्धत) आता सगळीकडे असतं. ४के हवं असेल तर एचईव्हीसी (चित्र आक्रसून पाठवायची पद्धत) उलगडणारा बॉक्स हवा आणि बॉक्स जोडाल त्या टीव्हीच्या एचडीएमआय तोंडाला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) हवं, बऱ्याच टीव्हींत ते सगळ्या तोंडांना नसतं. एचडी कार्यक्रम सेकंदाला ८ मेगाबिटने येत असेल तर तासाला ३.६ गिगाबाइट जागा जाते, म्हणजे एक टेराबाइटमध्ये पावणेतीनशे तास. हे रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला कुलूपबंद असतं. बॉक्स परत केला की तेही गेलं.

चॅनेलच्या एकूण आकड्याला काडीची किंमत देऊ नका. त्यात रेडिओ असतात, खरेदीचे चॅनेल असतात, एकच चॅनेल एसडी आणि एचडी असा दोनदा मोजलेला असतो. घरात खरोखर बघितले जाणारे दहा-बारा चॅनेल लिहून काढा आणि त्यातले किती एचडीत, कुठल्या पॅकमध्ये, एवढंच तपासा. मग करार: सवलतीचा काळ संपल्यावरचा दर, बंधनाची मुदत, मध्येच सोडल्यास दंड, घर बदलल्यास डिश हलवण्याचा खर्च, आणि डिश-बॉक्स तुमच्या मालकीचे की भाड्याचे. नवीन पत्त्यावरून उपग्रह दिसलाच नाही तर करार दंडाशिवाय मोडता येतो का, हे कलम सहीआधी शोधा. अनेक उपग्रहांवर मोफत चॅनेलही असतात. तुमचे दहा-बारा त्यात सापडले तर साधा बॉक्स घ्या, कराराची कटकटच नको.

बसवणारा काम संपवून निघण्याआधी मेनूतला सिग्नलचा पडदा उघडायला लावा. तिथे दोन आकडे असतात. स्ट्रेंग्थ म्हणजे नुसता जोर, गोंगाटासकट. चुकीच्या उपग्रहावरही तो भरपूर दिसतो. बघायची ती क्वालिटी. आकाश निरभ्र असताना ती काठावर असेल तर पहिल्याच सरीत चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबेल, कारण डिजिटल सिग्नल हळूहळू बिघडत नाही, कड्यावरून कोसळतो. उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणाचा, वरच्या आणि खालच्या पट्ट्याचा एकेक चॅनेल लावून चारही ठिकाणची क्वालिटी बघा. एकच कमी असेल तर एलएनबी तिच्या पकडीत थोडी पिळून घ्यावी लागते. सगळं जमलं की ते चार आकडे कागदावर लिहून बॉक्सच्या खाली चिकटवा आणि दांडीवर डिशच्या पकडीची जागा मार्करने आखून ठेवा. वादळानंतर डिश सरकली की वायर खराब झाली, हे त्या रेघेवरून कळेल.