सुट्ट्या पैशांत माउली

आज पैठणला बसस्टँडसमोर चहा घेतला. मामांनी सुटे परत दिले, त्यात एक रुपया हाताला वेगळाच लागला. उजेडात धरला तर संत ज्ञानेश्वर! १९९९ चं स्मारक नाणं. कडा झिजलेल्या, पण चेहरा स्वच्छ. माउलींचं आपेगाव इथून जवळच, म्हणून जास्तच भरून आलं.

“राहू द्या तुमच्याजवळच, नीट जपाल,” मामा म्हणाले.

टांकसाळीचे पॅकबंद सेट देखणे असतात, महागही. मला मात्र दहा हातांतून फिरलेलं नाणंच भावतं. नाण्यावरच्या सालाखालची, ते कुठल्या टांकसाळीत पडलं ते सांगणारी खूण मी आधी बघतो: हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची.

घरी येऊन १९६४ च्या नेहरूंच्या रुपयाशेजारी ठेवलं. स्वतंत्र भारताची स्मारक नाणी तिथूनच सुरू झाली. पुसलं मात्र नाही, तो काळपटपणा तसाच राहू दे.