हँडल डावीकडे वळवले तेव्हा

आज मोटरसायकलचे हँडल पूर्ण डावीकडे वळवले आणि जीपीएसच्या माउंटकडे जाणारी नवी वायर ताणून ताठ झाली. सीट बसवली होती, टाकी जागेवर होती, स्क्रीन उजळली होती. काम संपले असे मी मानले होते.

शेजारी उभ्या असलेल्या मित्राने एवढेच विचारले, "लांबी मोजताना हँडल सरळ होते का?"

होते. बाकी सारे मी काळजीने केले होते: बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, आणि इग्निशन बंद होताच पुरवठा तोडणारा रिले, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी उतरणार नाही. पण जिथे हँडल फिरते, नेमका तिथेच वायरला सैलपणा ठेवला नव्हता. अशी वायर एका दिवसात तुटत नाही. ती प्रत्येक वळणाला थोडी ओढली जाते, आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात, आणि घासून उघडी पडलेली तार फ्रेमला टेकली की फ्यूज उडतो.

टाकी पुन्हा उतरवली. वायर बांधणारे, आवळलेले प्लास्टिकचे टाय कापले, वायर पुढे सरकवली, थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरच्या) केबलपासून दूर घेतली, आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिल्यावरच नवे टाय आवळले.

मनात राहिले ते हे, की मी मोजमाप उभ्या गाडीचे घेतले आणि त्या वायरचे काम मात्र चालत्या गाडीवर आहे. स्वतः वायरिंग करणारे तुम्ही सर्व, टाय आवळण्याआधी हँडल वळवून पाहता का?